एकतीस दिवसांचा आपलेपणा

मंगळवार, दि. ७ ऑक्टोबर. दुपारचे दोन वाजून दहा मिनिटे. कांदेवाल्या मावशींच्या पडवीत पालथ्या बादलीवर बसून उजव्या टाचेतला काटा काढत होतो. तो निघाला, म्हणून लिहायला घेतले.

तीर्थरूप मामा,

तुमच्या पायांवर डोके ठेवतो (दुरूनच, कारण केसांत भुसा आहे). तुमची कंबर कशी आहे? मामींचा खोकला गेला का? माझी प्रकृती उत्तम आहे, म्हणजे दुखतो तेवढा भाग सोडून बाकीची.

मी इकडे शेतकी शाळेच्या प्रवेशासाठी आलो, हे तुम्हाला ठाऊक आहेच. दहावी पास झाल्याचा कागद माझ्याकडे नाही, पण एक महिना शेतावर राबल्याचा दाखला १५ ऑक्टोबरपर्यंत आणला तर बिनपरीक्षेचा प्रवेश मिळेल, असे तिथल्या कारकुनाने सांगितले होते. (मी त्याला तीनदा विचारले. तिसऱ्या वेळी तो ओरडला, म्हणजे खरे असणार.) प्रवेश हुकला तर बाबा मला त्यांच्या मित्राच्या गोदामात पोती मोजायला कायमचे बसवणार आहेत. तेव्हा ‘मातीशी नाते जोडा, सेवा करा, राहणे-जेवण मोफत’ ही जाहिरात वाचून मी १ सप्टेंबरला इथे हजर झालो. सकाळी नऊला बोलावले होते, मी सहाला पोहोचलो, आणि तीन तास फाटकाबाहेर कुत्र्याच्या नजरेला नजर देऊन उभा राहिलो.

शेताच्या मालकांनी मला पाहताच मिठी मारली. मला मालक म्हणायचे नाही, आपण सगळे एक कुटुंब आहोत, असे ते म्हणाले, आणि घरच्या माणसाला कोणी मजुरी देत नाही हेही त्याच दमात सांगून टाकले. इथे कामाला काम म्हणत नाहीत, अनुभव म्हणतात. शेण काढणे हा अनुभव, गोठा धुणे हा सखोल अनुभव, आणि गाईने लाथ मारली तर तो जन्मभराचा ठेवा. मालक स्वतः मात्र इतके निःस्वार्थी की यातला एकही अनुभव स्वतःसाठी ठेवत नाहीत. ते झाडाखाली खुर्ची टाकून मातीविषयी बोलतात. शनिवार-रविवारी शहरातून एक बँकेतले साहेब येतात, तेही सेवेकरीच. ते कुदळ हातात घेऊन फोटो काढतात आणि कुदळ मला परत देतात. माझी झोपण्याची सोय अवजारांच्या खोलीत होती, फवारणीचा पंप आणि खताची पोती यांच्यामध्ये. (पंप गळका होता. त्यामुळे माझ्या अंगावर कीड मात्र पडली नाही.)

दाखल्याचा विषय काढला की मालक म्हणत, “देईन रे, मनापासून देईन. आधी गावात मिसळ.” चौथ्या दिवसापासून त्यांनी मला रोज एका घरी मिसळायला पाठवले. मामा, काय ती माणसे! सकाळी सहाला दारात उभी, हातात माझ्यासाठी खुरपे. कांदेवाल्या मावशी म्हणाल्या, “आलास? दोन दिवसांचा आहेस ना तू?” मी म्हटले, तुम्ही म्हणाल तितके दिवस राहीन. त्यांनी माझ्याकडे जरा दयेने पाहिले. लोहार म्हणाला, “माझ्याकडे तू अर्ध्याच दिवसाचा.” त्याला माझा सहवास कमी मिळणार याचे मला वाईट वाटले, म्हणून मी आपणहून संध्याकाळपर्यंत भाता ओढला. दाखल्यावर तास विचारले तर पंचाईत नको, म्हणून मी वहीत रोजचे घर, वेळ आणि काम टिपत होतो. ४ सप्टेंबर ते ४ ऑक्टोबर, एकतीस दिवस, एकही खाडा नाही.

गावाच्या आपलेपणाचे मी फार कौतुक केले, तेव्हा खुलासा मावशींनीच केला. “अरे बाळा, आपलेपणा कसला? उन्हाळ्यात तुझ्या मालकाचं तळं खणायला आम्ही सगळे राबलो. एकमेकांकडे दिवस घालायचे नि दिवस फेडायचे, अशी रीत आहे इथे. आमचे एकतीस दिवस तो तुझ्या अंगावर फेडतोय!” थोडक्यात, मी पाहुणा नव्हतो, सुटे पैसे होतो.

मग परवा, रविवारी, गावातल्या प्राथमिक शाळेच्या व्हरांड्यात बैठक झाली. मालक म्हणाले, माझे सगळे दिवस फिटले. लोहार म्हणाला, माझा अर्धा फिटायचाय. कोणाकडेच काही लिहिलेले नव्हते, आवाज चढू लागले, आणि मला भांडण सहन होत नाही, म्हणून मी हात वर करून म्हणालो, माझ्याकडे वही आहे. सगळी वाचून दाखवली. लोहाराकडे सव्वानऊ तास, पैकी चाळीस मिनिटे लोहार झोपलेला, हेही वाचले. लोक हसले, लोहार सगळ्यांत जास्त हसला. एवढ्यात मावशी उठल्या. “पानापानावर नाव कोणाचं आहे रे?” माझेच होते, सुवाच्य अक्षरात. “मग झालं! जो राबला, दिवस त्याच्या नावावर. मालकाचे एकतीस अजून बाकी, आणि आपण या पोराचे एकतीस देणं लागतो.” सगळ्यांनी माना डोलावल्या. मालकांच्या डोळ्यांत पाणी आले. “मी तुला घरचा मानला,” ते म्हणाले, “आणि तू लिहून ठेवत होतास?” त्यांनी दाखला द्यायला नकार दिला आणि अवजारांच्या खोलीला कुलूप लावले. आत माझी चादर आहे.

तेव्हापासून मावशींच्या पडवीत आहे. काळजी करू नये. मामींना नमस्कार, धाकटीला आशीर्वाद.

तुमच्या आज्ञेतला (बहुतेक वेळा),
भाचा

ता. क. १ : दाखल्याचा छापील नमुना मी चार वेळा वाचला. ‘काम स्वतः जाणणाऱ्या शेतधारकाची सही’ एवढेच त्यात आहे, काम त्याच्याच शेतावर झाले पाहिजे असे कुठेही नाही. वरचे सगळे वाचल्यामुळे माझे काम तुम्ही आता जाणताच. तळटीपेत एक अट मात्र आहे, शेतधारकाकडे किमान एक गुंठा खणलेली जमीन हवी.

ता. क. २ : तुमच्या घरामागचे बॅडमिंटनचे कोर्ट आठशे ऐंशी चौरस फूट भरते. गुंठ्याला दोनशे नऊ कमी पडतात. मामी कपडे वाळत घालतात ती जागा धरली तर बरोबर बसते.

ता. क. ३ : गावाने माझे सगळे दिवस एकाच दिवसात फेडायचे ठरवले आहे. टपालाचा भरवसा नाही, म्हणून हे पत्र लोहाराच्या हाती देत आहे. म्हणजे तुम्ही हे वाचत असाल तेव्हा तो दारात उभा असेल आणि बाकीचे तीस जण ट्रॉलीतून उतरत असतील. त्यांना पाणी विचारावे, आणि कोर्टाचे जाळे आपणच आधी काढून घ्यावे. ही माणसे एकदा कुदळ मारायला लागली की थांबत नाहीत.