गप्प राहण्याचा सल्ला

प्रिय अमोस,

आपटा गावी मावशीकडे गेल्यापासून तू माझा फोन उचलत नाहीस. जेवतोस ना रे वेळेवर?

उद्या गुड फ्रायडे. रोमी सुभेदार पिलातापुढे झालेल्या येशूच्या चौकशीवर मला चर्चमध्ये बोलायचंय. दरवर्षी मी एकच सांगते, खोटे आरोप झाले, थट्टा झाली, तरी येशू गप्प राहिला. कळंबोलीच्या आपल्या गोडाऊनमधून लोखंडी सळ्या चोरीला गेल्या आणि आळ तुझ्यावर आला, तेव्हा तुलाही हेच सांगितलं. "प्रभूसारखा गप्प राहा." तू ऐकलंस. गोडाऊनमधल्या पोरांनी पॅकिंगच्या पट्टीचा मुकुट तुझ्या डोक्यावर चढवला, "बोला राजे, माल कुठाय?" म्हणून हसले, तरी तू गप्प. मी पलीकडे बिलं टाइप करत होते.

अमोस, त्या सळ्या मालकाचा भाचा टेम्पोत भरत होता. मी पाहिलं होतं. नोकरी जाईल म्हणून बोलले नाही.

काल तयारीला बसले आणि पेत्रापाशी अडले. येशू गप्प राहिला, पण आपल्या शिष्याला, पेत्राला, गप्प राहायला त्याने कुठे सांगितलं होतं? येशूला धरल्यावर 'मी याला ओळखत नाही' असं म्हणून पेत्र निदान रडला तरी. मी बिलं संपवून घरी आले.

हे पत्र पोस्टात टाकणार नाही. तुला सांगून मोकळी झाले, तर मालकांपुढे माझं तोंड उघडणार नाही. मी मला ओळखते. त्यांच्या केबिनबाहेर बसलेय. आत भाचाही आहे.

अजून तरी गप्पच असलेली,
तुझी प्रमिलाताई