सुनेचे ताट, सासूचे वजन

देऊळगाव राजा,
१९ डिसेंबर १९६४

तीर्थरूप आईस,

तुझ्या पायांना हात लावून वच्छला हे पत्र लिहिते. तुझे गुडघे कसे आहेत हे विचारत नाही, कारण तू ‘बरे आहेत’ असे कळवणार आणि पायरी उतरताना दर वेळी देवाला हाक मारणार. मी पाठवलेले तेल तू शेजारच्या कलाबाईला देऊन टाकलेस, हे मला ठाऊक आहे. तुझ्या लेकाचा, मोतीरामाचा, खोकला गेला असेल, नसेल तर त्याने विडी सोडलेली नाही एवढाच त्याचा अर्थ. हे पत्र नेहमीप्रमाणे कोकिळा तुला वाचून दाखवत असेल. (कोकिळा, खणखणीत वाच. मागच्या पत्रात तुझ्या लोहाच्या गोळ्यांबद्दल लिहिले होते तेवढे तू गाळलेस, हे मला दिवाळीत समजले. सासूसमोर सुनेने स्वतःबद्दलचे वाचू नये, असे तुला वाटले असेल. या खेपेला एक ओळही गाळायची नाही.)

मी ठणठणीत आहे, फक्त माझ्याकडून दवाखान्याने लेखी खुलासा मागवला आहे. झाले असे. सव्वा महिन्यापूर्वी सुलतानपूरची सोजराबाई नावाची बाळंतीण आमच्याकडे दाखल झाली. अंगात रक्त नाही, बाळाला दूध पुरत नाही, वजन चौऱ्याऐंशी पौंड. सोबतीला सासू, रुखमाबाई. आमचा दवाखाना धर्मादाय, त्यामुळे रोग्याला जेवण मिळते, पण सोबतच्या माणसाला नाही. त्याने आपले गाठोडे आणावे असा नियम आहे आणि गाठोडे संपल्यावर काय करावे याबद्दल नियम गप्प आहे. मी माझ्या मुलींना (म्हणजे नर्सना, दुसऱ्या मुली मला कुठल्या) एक वही घालून दिली आहे. डॉक्टर रोगाचे नाव लिहितात, आपण रोग्याला काय हवे ते लिहायचे: काय कमी पडते, का कमी पडते, आपण काय करणार आणि त्याचे पुढे काय झाले. नागपूरला कॉलेज करून मग नर्सिंग शिकले तेव्हापासून मी हे असे लिहीत आले आहे. सोजराबाईच्या नावापुढे मी दूध, वरण, भाकरी, पालेभाजी, गूळ आणि शेंगदाणे लिहिले आणि निश्चिंत झाले.

आठवड्याने ती एक्याऐंशी पौंड भरली. ताट तर रोज धुतल्यासारखे परत येत होते. मी विचारले, ‘भूक लागते का?’ तिने आधी सासूकडे पाहिले, जणू ते उत्तरही सासूच्याच गाठोड्यात बांधलेले होते, आणि मग मान हलवली, नाही म्हणून. मी वहीत लिहिले, ‘अन्नावर वासना नाही’, आणि दोन वेळा चिरायत्याचा काढा सुरू केला. (चिरायत्याने भूक खवळते. हे लक्षात ठेव, पुढे लागेल.) आणखी चार दिवसांनी साडेएकोणऐंशी! मी जंताचे औषध दिले. मग काट्यावर संशय घेतला आणि मापाची ज्वारी ठेवून काटा तपासला, तो खरा निघाला. शेवटी खुर्शीदावर संशय घेतला. ही आमची सर्वांत धाकटी नर्स, ताटे तीच वाढते. ताटातला गूळ कुठे जातो म्हणून मी तिला सगळ्या वॉर्डासमोर फैलावर घेतले. ती रडली, नाक पुसले आणि म्हणाली, ‘मले कायले रागावता बाई? बाळाचं वजन लिहिलं थे पान काढा, अन् त्या बुढीले काट्यावर चढवा.’

बाळाचे वजन आम्ही असे करतो की कुणीतरी बाळाला घेऊन काट्यावर उभे राहायचे, मग एकट्याने उभे राहायचे, आणि वजाबाकी करायची. पहिल्या दिवशी आजीच चढली होती, एकटी शहाण्णव पौंड. आता रुखमाबाई हौसेने चढली आणि एकशे एक भरली. ‘वाढलं काय वो?’ असे खुशीत विचारलेही तिने. माझी आहाराची योजना शंभर टक्के यशस्वी झाली होती, फक्त दुसऱ्या बाईवर. गाठोडे तिसऱ्या दिवशीच संपले होते. तेव्हापासून सून आपले ताट सासूपुढे सरकवायची आणि उरेल ते त्याच उष्ट्या ताटात स्वतः जेवायची. मी रुखमाबाईवर ओरडले. ती शांतपणे म्हणाली, ‘म्या कुठं मांगतलं? मले घातल्याबिगर तिच्या घशाखाली उतरत नाय. चांगल्या घरची हाये थे.’ सून पदराआडून म्हणाली, ‘आत्याबाई उपाशी अन् म्या खाऊ? लोकं काय म्हनतीन?’ म्हणजे आई, मी त्या पोरीला बारा दिवस दोन्ही वेळा भूक लागण्याचे औषध दिले आणि जेवण तिच्या सासूला दिले. दीक्षान्ताच्या दिवशी मला पदक मिळाले होते, ते आता पेटीतून काढून खुर्शीदाला द्यावे म्हणते.

मग मी माझ्या स्वभावाप्रमाणे जेवणाच्या वेळी सासूला वॉर्डाबाहेर काढले. सुनेने ताटाला बोट लावले नाही. वरणावर साय धरली, माश्या जेवल्या, ती मात्र भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. माझा आवाज तिकडे वडनेरला तुझ्यापर्यंत पोहोचला नसेल तर नवल, पण तिच्यापर्यंत पोहोचला नाही. तिसऱ्या दिवशी मी नऊ नंबरच्या खाटेवर रुखमाबाईलाच दाखल करून घेतले आणि वहीत निदान लिहिले: ‘भूक’. इतके अचूक निदान मी सगळ्या नोकरीत केले नव्हते. दोन खाटा, दोन ताटे. सासूने पहिला घास घेतला की सून दुसरा घ्यायची. दहा दिवसांत सोजराबाई त्र्याऐंशीवर आली आणि बाळ पोटभर पिऊन झोपू लागले. तेवढ्यात तपासणीला मोठे डॉक्टर आले. नऊ नंबरला विचारले, काय होते? रुखमाबाई आयुष्यात खोटे बोललेली नाही. म्हणाली, ‘मले काय झालं? म्या त सुनेनं जेवावं म्हनून जेवून राह्यली!’ डॉक्टरांनी तिला त्याच दुपारी घरी सोडल्याचे लिहिले (ती गेली नाही, खाटेवरून उतरून खाली बसली एवढेच), आणि निरोगी बाईला आहार दिल्याबद्दल माझ्याकडून खुलासा मागवला. भूक हा रोग त्यांच्या यादीत नाही. सोजराबाईने संध्याकाळी पुन्हा ताट सरकवले.

तेव्हापासून भाकऱ्या मी करून नेते. हसू नकोस. तुला एका दिवसाची भाकरी करून न घातलेली मुलगी परक्या सासूसाठी पहाटे पीठ मळते. पहिली भाकरी उलटसुलट पाहून रुखमाबाई म्हणाली, ‘तुमाले कोनी शिकोलंच नाय काय वो बाई?’ आणि खाल्ली. खाता खाता विचारले, ‘तुमच्या घरी पह्यले कोन जेवते?’

मी उत्तर द्यायला तोंड उघडले आणि मला आपली दिवाळी आठवली. पहिल्या पंगतीला मोतीराम, तू आणि मी. मी तिसरा अनारसा मागून घेतला. कोकिळेला पाचवा महिना होता. ती दुपारी तीनला मोतीरामाच्याच उष्ट्या ताटात जेवायला बसली, वरण संपले होते. तू म्हणालीस, ‘तिला भूकच नसते गं.’ आणि मी, जी नर्सना वही घालून देते, मीही मनात तेच लिहिले: अन्नावर वासना नाही. तिचे मागच्या खेपेचे बाळ साडेतीन पौंडांचे होते आणि नवव्या दिवशी गेले. तू दृष्ट लागली म्हणालीस. मी काहीच म्हणाले नाही, आणि मला म्हणता येत होते. (कोकिळा, थांबली असशील तर पाणी पी आणि पुढे वाच.)

बाकी सर्व क्षेम. थंडी आहे, पायात मोजे घाल.

तुझी,
वच्छला

ता. क. सोजराबाई काल चौऱ्याऐंशी भरली. रुखमाबाई एकशे तीन. माझे तीन पौंड उतरले, कारण तिच्यापुरत्या भाकऱ्या झाल्या की स्वतःपुरत्या करायला वेळ उरत नाही. खुर्शीदाने माझे नाव वहीत चढवले आहे.

ता. क. २. खुलाशाची काळजी करू नकोस, तो मी लिहून टाकला. जड गेले ते हे पत्र. आई, मला तुझ्याकडून काही नको, एकच हवे. तुझी पद्धत मोडू नकोस, पहिला घास तूच घे. पण तो घेशील तेव्हा कोकिळेचे ताट समोर वाढलेले असू दे, वेगळे, भरलेले. तू हो म्हटल्याशिवाय ती खाणार नाही. मी सांगून पाहिले, गोळ्यांच्या ओळीसुद्धा ती गाळते.

ता. क. ३. कोकिळा, आता पत्र खाली ठेव आणि आईकडे बघ. ती काय म्हणाली ते मला लिहू नकोस. मोतीरामाबरोबर कापसाच्या जिनिंगच्या मोठ्या काट्यावर जा, आणि उलट टपाली फक्त आकडा कळव.