सतरावा विषय

२४ फेब्रुवारी २००३, सोमवार
परवाच्या सभेचं इतिवृत्त आज लिहून झालं. वीस विषय, अकरा पानं, खाडाखोड नाही. सभेच्या आधीच इतिवृत्त लिहितो याचं आता मला काही वाटेनासं झालंय. ही पद्धत शिकवणारे जुने हेडक्लार्क म्हणायचे, "सभेत नवीन काय होणार आहे रे?" विषय मुख्याधिकारी काढणार, ठरावाची भाषा माझी, नगरसेवक "मंजूर, मंजूर" म्हणणार. सूचक कोण आणि अनुमोदक कोण एवढ्या नावांपुरती जागा कोरी ठेवायची, सभा संपली की भरायची. सोळा वर्षं हेच चाललंय.

या खेपेला विषय १७ लांबलचक. काटकसर. वाचनालयातली वर्तमानपत्रं कमी, बागेचा रखवालदार बंद, पश्चिमेच्या दवाखान्याची संध्याकाळची वेळ बंद. जकात गेल्यापासून दर फेब्रुवारीत असा एक विषय असतोच. वाक्य छान जमलं: "सबब, सदर दवाखाना केवळ सकाळच्या सत्रात सुरू ठेवण्यास ही सभा सर्वानुमते मंजुरी देत आहे."

घरी बायकोला, सुनंदाला, वाचून दाखवलं. म्हणाली, "सभा परवा, आणि सर्वानुमते आजच?"
हसण्यावारी नेलं.

२६ फेब्रु., बुधवार
सभा. साडेतीन तास.

१७ ला फिलोमिनाताई उठल्या. पहिल्यांदाच निवडून आल्यात, एरवी गप्प असतात. "सकाळी नऊ ते बारा दवाखाना कोणासाठी? तेव्हा नालासोपाऱ्यात घरात म्हातारी माणसं आणि दाराला कुलपं. बाकी सगळे कामावर. आमच्याकडे आजारी पडायला संध्याकाळच मिळते." सगळे हसले, अध्यक्षही. "बरं ताई, दवाखान्याचं पुढच्या सभेत बघू. बाकीचं मंजूर. चहा सांगा." मंजूर, मंजूर. चहा, बटाटेवडे.

अध्यक्षांना लग्नाला जायचं होतं. दहा मिनिटांत कोऱ्या जागा भरल्या, जिन्यातच सही घेतली. मु.अ.ना नक्कल आजच हवी होती, तीही दिली. "राऊत, तुमचा वेग जिल्ह्यात कोणाकडे नाही." खोटं कशाला, बरं वाटलं.

४ मार्च, मंगळवार
घरी येताना पाहिलं, दवाखान्याला साडेसहाला कुलूप. दारावर कागद. सायकल टेकवून वाचला. ठराव क्र. १७. "सबब, सदर दवाखाना केवळ…"

दवाखान्यातल्या नर्स, सिस्टर शैला, पायरीवर बसल्या होत्या, आलेल्यांना परत पाठवत. "राऊतसाहेब, तुमच्याच नगरपरिषदेचा कागद. असं वाचताय, जसं काही आजच बघताय."
सायकल हातात धरून चालत निघालो. अध्यक्ष म्हणाले होते, पुढच्या सभेत. मी ऐकलं होतं.

५ मार्च, बुधवार
सगळे यायच्या आत ऑफिसात. वही काढली. विषय १७, सर्वानुमते मंजूर. खाली अध्यक्षांची सही.
मग माझ्या विषयपत्रिकेची मागची बाजू. पेन्सिलीने: "दवाखाना – पुढील सभा." दोन्हीकडे अक्षर माझंच. खरं आहे ते पेन्सिलीत, सही आहे ती शाईखाली.

म्हणजे ऐकलं, टिपूनही घेतलं, आणि नावं भरताना हात फक्त कोऱ्या जागांकडे गेला. "सर्वानुमते" या शब्दाला मी कधी कोरी जागा ठेवलीच नव्हती.

याहून वाईट: १७ ची अनुमोदक कोण? फिलोमिनाताई. शेवटी बोलतो त्याचं नाव भरायची सवय.

६ मार्च, गुरुवार
मु.अ.ना सांगितलं. दार लावून घेतलं होतं.
"चूक कसली? अध्यक्षांची सही आहे."
"सभेत तसं ठरलं नव्हतं, साहेब."
"सभेत काय ठरलं हे कुठे लिहिलेलं असतं?"
"वहीत."
"मग झालं तर."
नंतर आवाज खाली आणून म्हणाले, अठ्ठावीसला पुढची सभा. इतिवृत्त नेहमीसारखं कायम होईल, वाचलं असं समजून. मग प्रश्नच मिटला. "आणि राऊत, सभेच्या आधी इतिवृत्त लिहिता हे कागदावर आलं तर चौकशी माझी नाही लागणार."

त्यांना सगळं ठाऊक होतं. सभेत माझ्या शेजारीच तर बसले होते. चूक माझी, तिचा उपयोग त्यांचा. पण हे लिहिताना जरा सुटल्यासारखं वाटलं, म्हणून पुन्हा लिहितो: चूक माझी.

९ मार्च, रविवार
सकाळी वाडीत केळीला पाणी सोडलं. सुनंदा कर्दळीची पानं कापत होती. तिला सगळं सांगितलं.
"घाबरलात?"
"हो."
"मग घाबरत घाबरत करा. न घाबरता करायचं असं कोणी सांगितलंय?"
"नोकरी जाईल कदाचित."
"कदाचित ना. बघू. पाट फुटलाय तिकडे, आधी तो बांधा."

मनात एकच घोळतंय. मला दवाखाना हवाय की माझी वही स्वच्छ हवीय? घरी यायचा माझा रस्ता दुसरा असता तर हे मला कळलं तरी असतं का? सोळा वर्षांत अशी किती "सर्वानुमते" गेली असतील. आठवून पाहिलं. आठवत नाही, आणि तेच जास्त लागतंय.

११ मार्च, मंगळवार
सिस्टर शैला आता स्वतःच्या घराच्या ओट्यावर टीबीच्या गोळ्या देतात. एक दिवसाआड, सात वाजता, समोर गिळायला लावून. मी गेलो तेव्हा मिठागरावरचा काशिनाथ आला होता. बरगड्या मोजाव्यात असा, पण तोंड चालू. त्याला विचारलं, सकाळी का जात नाही?
"साहेब, सकालचा खाडा केला की मुकादम दुसरा मानूस घेते. तिथं पानी प्यायला टाइम नाय, न् मी दवाखान्यात बसू?"
सिस्टर म्हणाल्या, "गोळ्या मध्येच सोडल्या तर पहिल्यापासून. आणि मग त्या लागू पडतीलच असं नाही. हे त्यालाही माहीत आहे. म्हणून येतो."
"असं घरून देता येतं?"
"नाही येत. लिहून घ्या हवं तर."

काशिनाथ गेल्यावर त्यांना खरं सांगितलं. इतिवृत्त, कोऱ्या जागा, सगळं. त्या रिकामी पाकिटं गोळा करत होत्या. "एवढंच?" म्हणाल्या. "मला वाटलं, वरून कोणीतरी केलंय."
वर कोणी नव्हतं. मी होतो.

१४ मार्च, शुक्रवार
फिलोमिनाताईंकडे गेलो. त्यांचा उपवासकाळ चालू आहे. चर्चमधून क्रुसाच्या वाटेची प्रार्थना करून नुकत्याच आल्या होत्या, डोक्यावरची ओढणीही काढली नव्हती.
सांगितलं. पूर्ण ऐकून घेतलं.
"म्हणजे मी उठले, बोलले, आणि वहीत मी बसलेलीच आहे."
"वहीत तुम्ही अनुमोदक आहात."
ओढणी काढून खुर्चीवर टाकली. मग म्हणाल्या, "माझ्या वॉर्डातल्या बायका मला रस्त्यात विचारतात, ताई, तुम्हीच सही दिली ना? मी म्हणते, नाही. त्या म्हणतात, कागद आहे. आणि तो कागद तुम्ही लिहिलात. एवढ्या सुंदर अक्षरात."

"आमच्यात कबुली ऐकायला फादर असतात, आणि ते कोणाला सांगत नाहीत. मी फादर नाही."
म्हटलं, "मीच सांगणार आहे. सभेत."
"मग माझ्याकडे कशाला आलात?"
"तुमचं नाव आहे त्यात. आधी तुम्हाला कळायला हवं होतं."
माझ्याकडे नीट पाहिलं. "चहा घ्या. आणि आज बसून घ्या, त्या दिवशीसारखा वही बगलेत धरून नको."

२० मार्च, गुरुवार
लेखी दिलं. अर्धं पान. विषय १७ मधला दवाखान्याचा भाग सभेने पुढे ढकलला होता, इतिवृत्त आधी तयार केलेलं असल्याने माझ्याकडून चुकीची नोंद झाली, दुरुस्ती व्हावी. तीनदा लिहिलं. पहिल्यात "अनवधानाने" होतं. काढलं. अनवधान एका दिवसाचं असतं.

आधी आवक टेबलावर जाऊन शिक्का मारून घेतला, मग मु.अ.कडे. शिक्का बघून ते खुर्चीत मागे रेलले.
"आवक करायची एवढी घाई काय होती, राऊत?"
"माझा वेग, साहेब."
तोंडून गेलं. पश्चात्ताप नाही.

२६ मार्च, बुधवार
परवाच्या सभेचं इतिवृत्त लिहिलेलं नाही. पानांना क्रमांक घातले, वर तारीख, बस. शेजारच्या टेबलावरच्या कदमने वही उघडून पाहिली. "अहो, काहीच नाही यात."
"काही झालेलंच नाही अजून."
"बरं वाटत नाहीये का तुम्हाला?"

मु.अ.नी दोनदा निरोप धाडला, तब्येत बरी नसेल तर रजा टाका, कदम बघेल. तब्येत उत्तम आहे. 

२८ मार्च, शुक्रवार
जसं झालं तसं लिहितो.

विषय १, मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे. मु.अ. म्हणाले, "वाचले असे समजून…" मी उभा राहिलो. म्हटलं, "वाचतो." इतिवृत्त वाचणं हे माझंच काम. सोळा वर्षांत मला कोणी वाचू दिलं नाही, आणि मीही कधी मागितलं नाही.

अध्यक्षांना वाटलं गंमत आहे. "वाचा, वाचा, पंखे चालू आहेत तोवर वाचा." विषय एक ते सोळा वाचले. कोणी ऐकत नव्हतं. सतरा वाचला, माझं ते वाक्य शेवटपर्यंत, आणि म्हणालो, "हे असं झालं नव्हतं. दवाखान्याचा भाग पुढच्या सभेत घ्यायचं ठरलं होतं. फिलोमिनाताईंनी अनुमोदन दिलं नव्हतं, विरोध केला होता. मी हे दोन दिवस आधी लिहून ठेवलं होतं. चूक माझी आहे."

आवाज कापला. कापला तर कापला.

अध्यक्ष म्हणाले, "राऊत, बसा."
फिलोमिनाताई म्हणाल्या, "बसू नका."
बसलो नाही.

अध्यक्षांनी सगळ्यांकडे पाहिलं. "कोणाला आठवतंय असं काही?" कोणी मान वर करेना. मग मागच्या बाकावरून भोईरकाका, सगळ्यांत वयस्कर, सभेत झोपतात म्हणून ज्यांची चेष्टा होते ते: "मला आठवतं. तुम्ही म्हणालात पुढच्या सभेत, आणि चहा सांगितलात."
कोणीतरी हळूच, "वडे पण होते."
"वडे नंतर," भोईरकाका म्हणाले. "आधी दवाखाना पुढे ढकलला. मग वडे."
या वेळी हसले ते वेगळं हसले.

मु.अ. अध्यक्षांच्या कानाशी लागले. सभा तहकूब. इतिवृत्त कायम झालं नाही, रद्दही झालं नाही. दवाखान्याला कुलूप आहे तसंच.

बाहेर पडताना फिलोमिनाताई म्हणाल्या, "आजचं तरी नीट लिहा." हात पुढे केला. माझा घामाने ओला होता, तसाच दिला.

३१ मार्च, सोमवार
कारणे दाखवा नोटीस. सात दिवस. सभेची वही कदमकडे द्यायची. नोटिशीत एक शब्द चुकीचा होता. दुरुस्त केला नाही, मोह झाला.

म्हटलं, देतो, पण शुक्रवारच्या सभेची टिपणं मी घेतलीत, तिचं इतिवृत्त पूर्ण करून देतो. यावर मु.अ.ना काही बोलता येईना. चार पानं लिहिली. अध्यक्ष काय म्हणाले, ताई काय म्हणाल्या, भोईरकाका काय म्हणाले. "लिपिकाने सांगितले की चूक त्याची आहे" हेही. "सर्वानुमते" कुठेच नाही. वडे ठेवावेत की काढावेत यावर बराच वेळ गेला. ठेवले. साक्षीत आले होते.

चारला अध्यक्ष आले. जिन्यात वही पुढे केली, नेहमीच्या जागी बोट ठेवून. त्यांनी पेन काढलं, आणि थांबले. बोट बाजूला सारलं. "इथे उजेड नाही," म्हणाले, आणि वही घेऊन केबिनमध्ये गेले. दार लावलं.

सिस्टर शैलांचा निरोप आला होता, काशिनाथ परवाही वेळेवर आला. त्यांनाही मेमो मिळाला आहे. ओट्यावरचं चालूच आहे.

साडेपाच वाजून गेले. मु.अ. दोनदा केबिनशी येऊन परत गेले. कदम वहीसाठी थांबलाय, घड्याळ बघतोय. मी बाहेर बाकावर, हे डायरीत लिहीत. सोळा वर्षांत कुठल्याच अध्यक्षाने माझं एकही पान वाचलेलं नाही. चार पानांना दीड तास लागत नाही.
आत्ता आतून पान उलटल्याचा आवाज आला. मागे की पुढे, ते कळलं नाही.