आईच्या दाराचा केशरी

माटुंगा, ५ फेब्रुवारी २०२५

चि. रघुवीर यास अनेक आशीर्वाद.

फोटोत रंग खोटे दिसतात म्हणून घराला द्यायचे दोन्ही रंग कागदावर फासून पाठव म्हटलं, ते पाठवलेस, बरं केलंस. सायीचा रंग शोभतो. दुसरा केशरी मात्र, शी! आठ दिवसांची शिळी जिलबी जणू! पाकीट मी गॅलरीत नेऊन ठेवलं. लालबागला राहतोस म्हणून घराचा मंडप करू नकोस. माझा गुडघा धड असता तर येऊन ब्रशच हिसकावला असता. आईच्या खोलीत सायीचाच दे, दारासकट. एकच रंग असला की स्वच्छ दिसतं. तुला आणि रुपालीला जोडीने आशीर्वाद.

राग रंगावर आहे, तुझ्यावर मायाच.

तुझी,
कालिंदीताई

लालबाग, २२ फेब्रुवारी २०२५

ती. ताईस शि. सा. नमस्कार.

तुझ्या शब्दाखातर आईच्या खोलीच्या भिंती, तिच्या संडासाचं दार, चौकट, सगळं सायीचं केलं. सुरेख दिसलं. मग खोलीत वास येऊ लागला. फिनेलने पुसलं, गादी उन्हात टाकली, तरी जाईना. मला किळस आली आणि ताई, मी आईवर ओरडलोही.

शेवटी रुपालीला कपाटामागे ओल्या साड्यांचं गाठोडं सापडलं. तिने जवळ बसून विचारलं तेव्हा आई रडली. म्हणाली, पूर्वीचं हिरवं दार दिसायचं, आता ते भिंतीतच मिसळलं. चाचपडत पोचेपर्यंत उशीर होतो. डोळ्यांचं तिने कधी कळूच दिलं नव्हतं. मंगळवारी डॉक्टरकडे नेतोय.

त्याच दिवशी मी दाराला आणि चौकटीला केशरी फासला. आई आता कुणाला हाक न मारता जाते. तुला शिसारी येईल, पण तो रंग तसाच राहणार.

रागावलीस तरी पत्र लिही.

तुझा,
रघू

माटुंगा, १ मार्च २०२५

चि. रघूस आशीर्वाद.

शिसारी आलीच, पण रंगाची नव्हे, माझी. छान दिसावं म्हणून मी चौऱ्याऐंशी वर्षांच्या आईला तिच्याच खोलीत चाचपडायला लावलं. तू ओरडलास तेही वाईटच. तिच्या पायावर डोकं ठेव, माझ्या वाटचंही.

गॅलरीतलं पाकीट आत आणलं. दोन्ही कागद पांढऱ्या भिंतीला चिकटवून पलंगावर येऊन बसले. केशरी दिसला. सायीचा कुठे लावला तेच कळेना. पोटच्या पोराला, शंतनूलाही, अजून सांगितलेलं नाही. आईचीच लेक ना मी.

उरलेला केशरी टाकू नकोस. माझ्या दाराला लागेल.

लोभ ठेवशीलच, डबाही ठेव.

तुझी,
ताई