जावई हे पद नसल्याबाबत

दिनांक : ९ जुलै २०२६

प्रति,
मा. साहाय्यक संचालक,
विदेशी जोडीदार रोजगार परवानगी कक्ष,
हैदराबाद.

अर्जदार : सौ. माधवी यांकुस, राहणार तारनाका, हैदराबाद.

विषय : माझे यजमान 'जावई' या पदावर काम करीत नसल्याबाबत, तसेच त्यांनी शिवलेली फाईल कात्रीने न कापण्याबाबत.

संदर्भ : १) माझा मूळ अर्ज, दि. ६ एप्रिल.
२) आपली नोटीस, दि. १२ जून.
३) आपली दुसरी नोटीस, दि. ३ जुलै.

महोदय,

आपण मूळचे उदगीरकडचे असून मराठी वाचता, असे खिडकी क्रमांक चारवरील भाग्यलक्ष्मी मॅडमनी सांगितले. म्हणून हा अर्ज मराठीत करीत आहे. याआधीचे दोन इंग्रजीत केले होते. आमच्या घरातल्या साध्या गोष्टी इंग्रजीत लिहिल्या की गुन्ह्यासारख्या दिसतात, असा अनुभव आला.

१. यजमानांचे नाव सरकारी काम म्हणून एकदाच लिहिते : रिमास यांकुस, वय एकेचाळीस, मूळ राहणार लिथुआनिया, व्यवसाय पुस्तकबांधणी. यापुढे अर्जात 'हे' असे येईल तिथे ह्यांनाच समजावे.

२. मी कंपनीच्या कामासाठी दोन वर्षे त्या देशात होते. माझ्या रोजच्या वाचनातल्या पोथीची पाठ तिथल्या थंडीने उकलली. नेम मोडू नये म्हणून मी बांधणाऱ्याचे दुकान शोधले, ते ह्यांचे निघाले. ह्यांनी पोथी हातात घेण्याआधी हात धुतले. मी सांगितले नव्हते. पुढे लग्न झाले, त्याचा दाखला आपल्याकडे आहेच.

३. आईचे गुडघे गेल्यामुळे आम्ही मागच्या वर्षी तारनाक्याला परत आलो. तेव्हापासून, म्हणजे चौदा महिने, ह्यांना काम नाही. सुलतान बाजारात लक्ष्मणराव यांचे बांधणीचे जुने दुकान आहे. त्यांचे हात आता थरथरतात. ह्यांनी शिवलेली एक वही त्यांनी उलटीपालटी करून पाहिली आणि म्हणाले, "बाई, हा माणूस मला द्या. गुरुपौर्णिमेला मी सुई ह्याच्या हातात देतो. नाहीतर दुकान चपलवाल्याला देतो, तो रोज येऊन मापं घेतोय." गुरुपौर्णिमा २९ जुलैला आहे. आपली परवानगी त्याआधी हवी, एवढेच मूळ मागणे होते आणि आहे.

४. आता जावईपदाबद्दल. यंदा १७ मेपासून अधिक महिना होता, हे आपण जाणताच. या महिन्यात जावयाला विष्णुस्वरूप मानून तेहतीस अनारसे, दिवा व वस्त्र असे वाण देतात. आमच्या भागातील बहुतेक मराठी घरांचे जावई परदेशात आहेत. शेजारच्या शोभाकाकूंचे जावई हर्षदराव न्यू जर्सीला असतात. काकूंनी विचार केला की विष्णू शेजारच्याच घरात रिकामे बसले असताना वाण खोळंबवण्यात अर्थ नाही. त्यांनी ह्यांना पाटावर बसवले. ही गोष्ट बाकीच्या घरांना कळली. त्यानंतर ह्यांना रोज एका घरी बोलावणे येऊ लागले. हे लाजाळू आहेत, नाही म्हणता येत नाही. शिवाय घरी बसून माणूस खचतो. कोणीतरी "या रिमासराव, तुमचीच वाट पाहत होतो" म्हटले की ह्यांचा चेहरा उजळायचा. मी अडवले नाही, हा माझा दोष मी मान्य करते. (नाव दुसऱ्यांदा आले. पण ते शेजाऱ्यांचे शब्द आहेत.)

५. आपले चौकशी अधिकारी २८ मे रोजी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी आमच्या घरी आले. घरात तेव्हा अकरा दिवे, अकरा उपरणी व साडेतीनशेच्या वर अनारसे होते. अधिक महिन्यात माझे दुपारी बारापर्यंत मौन असते. साहेबांनी विचारले, "इत्ता सामान कां से आया? तुमारे मियां कुछ काम करते क्या?" मी हात जोडले. घड्याळाकडे बोट दाखवले. साहेबांनी ते कामाची वेळ म्हणून लिहून घेतले. तेवढ्यात शोभाकाकू आल्या आणि अभिमानाने म्हणाल्या, "हौ साब, हमारे पास जावई हैं ना. आज का घर बारावा." ह्यांना मराठी फार येत नाही. बायकांनी शिकवलेले एकच वाक्य येते, ते ह्यांनी म्हटले : "छान झालंय, अजून वाढा." साहेबांनी तेही लिहून घेतले. बारा वाजले तेव्हा मी जिन्यावरून धावत खाली गेले, पण जीप गेली होती.

६. आपल्या पहिल्या नोटिशीत म्हटले आहे की, विदेशी जोडीदार विनापरवाना 'जावई' म्हणून बारा ठिकाणी काम करीत असून मोबदला वस्तुरूपाने घेतात, आणि 'अर्जदार पत्नीने इन्कार केला नाही.' हे अक्षरशः खरे आहे. इन्कार करण्याची वेळ बारानंतरची होती.

७. तरीही नोटिशीचा मान राखून मी मागितलेली कागदपत्रे जमवली. स्थानिक जावई उपलब्ध नव्हते, याचे अकरा घरांचे दाखले आणले. मूळ जावयांची ना-हरकत पत्रे अमेरिका, कॅनडा व जर्मनीहून मागवली. हर्षदरावांनी लिहिले आहे की हरकत नाही, मात्र दिवा त्यांच्यासाठी ठेवावा. त्यांच्या पत्रात खाली त्यांच्या पत्नी प्राजक्ता यांनी एक ओळ घातली आहे : "माधवीताई, मलाही इथे तीन वर्षं कामाचा कागद मिळत नाही. भाओजींना सांगा, मी त्यांच्याच पंगतीत आहे." ही ओळ शासकीय कामाची नाही, पण मी खोडली नाही. अकरा घरांनी ह्यांना जावईपदावरून कार्यमुक्त केल्याची पत्रेही दिली. शोभाकाकू सही करताना रडल्या.

८. अडचण बाराव्या घराची आहे. ते माझ्या आईचे आहे. तिचे नाव भामाबाई. आपल्या कार्यालयाचे म्हणणे असे की, यादीत बारा घरे आहेत तर कार्यमुक्तीची पत्रेही बारा हवीत. आई म्हणते, "जावयाला कोणी कामावरून काढतं का गं? मी नाही लिहून देणार. तुझ्या साहेबाला त्याच्या सासूकडे पाठव विचारायला." साहेब, क्षमा असावी, तिचे शब्द आहेत तसेच लिहिले. परंतु मुद्दा रास्त आहे. आईने पत्र दिले तर हे तिचे जावई राहत नाहीत. जावई नाहीत तर माझे यजमान नाहीत, आणि यजमान नाहीत तर आपल्या कक्षाकडे अर्ज करण्यास पात्रच नाहीत. मी हे खिडकीवर हळू आवाजात सांगितले. मला उत्तर मिळाले, "वो बाद में देखते, पहले लेटर लाव."

९. ३० जून रोजी आपल्या दालनाबाहेर आम्हाला बसवले होते. आमची फाईल बाकावर आणून ठेवताना तिची नाडी तुटली. पंखा जोरात होता. आमच्या लग्नाचा दाखला पाण्याच्या माठापर्यंत गेला. ह्यांना सुटे कागद पाहवत नाहीत. ह्यांनी सगळे वेचले, क्रमाने लावले, खिशातली सुई काढली आणि दोऱ्यासाठी माझ्याकडे पाहिले. आदल्या दिवशी वटपौर्णिमा होती. वडाला गुंडाळून उरलेले सूत माझ्या पर्समध्ये होते. ते ह्यांनी तिपेडी करून फाईल शिवली. भाग्यलक्ष्मी मॅडम तेलुगूत म्हणाल्या, "चाला बागुंदंडी!", म्हणजे फारच छान, आणि आतून आणखी तीन फायली आणल्या. त्याही ह्यांनी शिवल्या. चौदा महिन्यांनंतर ह्यांना गुणगुणताना मी त्या बाकावर ऐकले.

१०. आपली दुसरी नोटीस त्याबद्दल आहे. शासकीय कार्यालयात विनापरवाना बांधणी केल्याचा खुलासा मागितला आहे. खुलासा असा की, चूक झाली. मात्र नोटिशीत पुढे असेही आहे की, सदर फाईल आता घट्ट बांधली गेल्यामुळे तिच्यात नवीन कागद घालता येत नाही. सबब माझी जमवलेली सर्व पत्रे स्वीकारता येत नाहीत. फाईल उसवून द्यावी, असे आपण कळवले. हे लगेच उसवून देण्यास तयार होते. परंतु उसवणे हेही बांधणीचे काम असल्याने त्यासाठी परवानगी लागते, असे खिडकीवर सांगण्यात आले. ती परवानगी द्यायची तर फाईल उघडावी लागते.

११. काल समजले की शिपायाकडून कात्रीने दोरा कापून घेण्याचा विचार चालू आहे. त्यासाठीच हा अर्ज घाईने करीत आहे. साहेब, माझी कोणतीही तक्रार नाही. आपण म्हणाल तितक्या फेऱ्या मी घालीन, फेऱ्यांची मला सवय आहे. पण ते सूत वटपौर्णिमेचे आहे आणि त्याच्या आत आमच्या लग्नाचा दाखला आहे. त्याला कात्री लावू नये. ह्यांनी मारलेली गाठ एका टोकाला ओढली की न कापता सुटते. कोणते टोक, ते फक्त ह्यांना माहीत आहे.

सबब विनंती की,

(अ) जावई हे पद नसून नाते आहे, अशी नोंद व्हावी. ते शक्य नसल्यास आईच्या घरचे पद तरी कायमस्वरूपी मानून कार्यमुक्तीतून वगळावे;

(ब) ह्यांना आपल्या समक्ष फक्त एक दोरा ओढण्याची परवानगी तोंडी द्यावी. त्यास अर्धा मिनिट लागेल. ते काम धरू नये, सेवा धरावी;

(क) गुरुपौर्णिमेपूर्वी मूळ अर्जाचा निकाल द्यावा.

दुपारी बारानंतर केव्हाही बोलावल्यास मी तोंडी खुलासा करू शकेन. निज महिना लागल्यापासून तसे सकाळीही बोलते, पण आता सवय राहिली आहे.

आपल्या खिडकीशी शांतपणे उभी असलेली,

सौ. माधवी यांकुस

सोबत :
१. अकरा घरांची कार्यमुक्ती पत्रे.
२. परदेशस्थ जावयांची ना-हरकत पत्रे.
३. लक्ष्मणराव यांचे पत्र. (अक्षर हलले आहे. हात थरथरतात, मन नाही.)
४. श्रीमती भामाबाई यांचे पत्र. मजकूर : "जावई कायम आहे."
५. अनारसे, तेहतीस. हे पत्र नाही व लाचही नाही. आपले जावई परगावी असतात, असे भाग्यलक्ष्मी मॅडम म्हणाल्या.

ता. क. : हा अर्ज व सोबतची पत्रे सुटीच पाठवत आहे. सुई घरात होती, आणि मी लिहीत असताना शिवणारे हे समोरच बसून होते, हात मांडीखाली धरून. पण परवानगी नाही. म्हणून नुसती टाचणी लावली आहे. पंखा चालू असल्यास कृपया वर हात ठेवावा.