करडी पँट, निळा ड्रेस आणि आमचा आदर्श

ती. ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. या वेळी ‘वाकून’ हा शब्द नुसता रिवाज म्हणून लिहिलेला नाही. (मागच्या पत्रातला नमस्कार मी खुर्चीला टेकूनच केला होता, तेव्हा तो हिशेबात धरू नकोस.) तुझा नवा चष्मा डोळ्यांना सोसला का? भावोजींचं घोरणं डॉक्टरांनी मनावर घेतलं, की अजून तूच घेतेस? इकडे आम्ही तिघंही ठणठणीत. आता ठणठणीत म्हणजे नेमकं कोण किती, हे सांगायलाच आज दुकान अर्धा तास आधी बंद करून बसलो आहे. तू नर्स आहेस, मध्येच हसशील. हस, पण पत्र खाली ठेवू नकोस.

सुरुवात शाळेतल्या तपासणीने झाली. आमची चिमणी (नाव ठेवलं तेव्हा अडीच किलोची होती, त्यामुळे दोष आमचा नाही) अकरा वर्षांची, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या घरी पोचेपर्यंत दोनदा जिन्यात बसायची. शाळेच्या डॉक्टरीणबाईंनी आम्हाला बोलावून घेतलं. आज काही बिघडलेलं नाही, पण हा दम असाच लागत राहिला तर विशीत ही पोर औषधांची डबी घेऊन फिरेल, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. बरोबर एक तक्ता दिला. सकाळी काय, दुपारी काय, बिस्किट आठवड्यातून किती. पोरीने तक्ता शांतपणे वाचला, त्याची चौपट घडी केली आणि डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सरकवली. म्हणाली, “मीच का? बाबासुद्धा दुसऱ्या जिन्यात बुटाची नाडी बांधायला बसतो. त्याच्या बुटांना नाड्याच नाहीत.” यावर तिची आई हसली, तेव्हा पोरीने तिच्याकडे वळून विचारलं, “आणि आई, तू प्रत्येक मजल्यावर थांबून कुणाच्या घरचा वास घेतेस?”

लोका सांगे ब्रह्मज्ञान, ही म्हण आपण शाळेत पाठ केली. तिचा उरलेला अर्धा भाग मला त्या दिवशी लागू झाला. शेवटी तह ठरला. तीन महिने तिघांनी मिळून करायचं. आम्ही थांबलो की तीही थांबणार, हे तिने बजावूनच ठेवलं. म्हणजे पोरीचा दम आता आमच्या तोंडाच्या ताब्यात होता, आणि आमची तोंडं तुला ठाऊक आहेत.

वजनकाटा मात्र घरात नको, असं आमची ही म्हणाली. काट्यावर माणूस रडतो. आपण शिंपी आहोत, आपला काटा म्हणजे कपडा. म्हणून दर रविवारी सकाळी खाली दुकानात मोठ्या आरशासमोर हजेरी: मी माझी जुनी करडी पँट घालायची, हिने तिचा निळा ड्रेस. दोन्ही सहा वर्षांमागचे, दोन्ही मीच बेतलेले. करड्या पँटीचं बटण काजापासून चार बोटं लांब राहत होतं, आणि निळ्या ड्रेसची चेन पाठीवर अर्ध्या वाटेत अडत होती. चिमणी स्टुलावर बसून वहीत लिहायची. पहिल्या रविवारी तिने आम्हा दोघांपुढे लिहिलं, “अजून नाही.” किती सभ्य पोर आहे बघ.

पहिले तीन आठवडे आम्ही प्रामाणिक होतो. सकाळी गल्लीला चार फेऱ्या. समोरचा न्हावी दाराशी उभा राहून मोजायचा आणि ओरडून विचारायचा, काय मास्तर, बँकेचे लोक मागे लागलेत का. जेवणात उकडलेलं, वाफवलेलं, नुसतं धुतलेलं असे तीन प्रकार. मी काकडी इतकी खाल्ली की गिऱ्हाइकाचं माप घेताना मला त्याच्या हातांच्या जागी काकड्या दिसत. आणि तरी चौथ्या रविवारी निळ्या ड्रेसची चेन जिथे अडायची तिथेच अडली. चिमणीने पेन्सिल खाली ठेवली आणि म्हणाली, “आईचं होत नाही, तर माझं कुठून होणार?” त्या दिवशी ती फेऱ्यांना आली नाही.

आता ताई, तूच सांग, बाप म्हणून मी काय करायला हवं होतं? (तू सांगशील ते मला माहीत आहे. मी ते केलं नाही.) सोमवारी ही बटणं आणायला बाजारात गेली, तेव्हा मी निळा ड्रेस घेतला, दोन्ही बाजूंच्या शिवणी उसवल्या आणि शिवणीच्या आत ठेवलेल्या मायेतून, म्हणजे जादा कापडातून, पाव-पाव इंच बाहेर सोडला. वरून इस्त्री. पुढच्या रविवारी चेन दोन बोटं वर गेली. हिचा चेहरा काय सांगू. चिमणीने वहीत “आई: थोडं झालं” असं लिहिलं आणि आपण होऊन सहा फेऱ्या मारल्या. मग काय, दर सोमवारी ही बाजारात आणि मी शिवणीत. पाप म्हण, पण त्यात कारागिरी होती. सात आठवडे मी तो ड्रेस उसवला आणि तरी माया संपेना. सहा वर्षांपूर्वी बेतताना मी केवढा दूरचा विचार केला होता, याचं मला स्वतःचंच कौतुक वाटत होतं.

शिवाय माझं स्वतःचं तर खरोखरच होत होतं. करडी पँट आठवड्याआठवड्याने जवळ येत होती, आणि नवव्या रविवारी बटण लागलं. मी आठवडाभर शर्ट आत खोचून फिरलो. गिऱ्हाइकांना न विचारता सल्ले दिले. न्हाव्याला तर मी मनोनिग्रहावर पंधरा मिनिटं ऐकवलं, त्याच्या हातात वस्तरा असताना.

आणि मग अकराव्या आठवड्यात चिमणी शाळेचा स्कर्ट घेऊन दुकानात आली. म्हणाली, “बाबा, हा कमरेत आत घे. धावताना खाली येतो.” मी टेप लावली. तीन इंच सैल. चोराच्या मनात चांदणं. मला वाटलं, झालं, हिने पोरीचं मन राखायला स्कर्ट उसवून सोडला. मी स्कर्ट उलटा केला, उजेडात धरला आणि शिवण टाका-टाका तपासली. ताई, तो दोरा माझा होता. टाके माझे होते. शाळा सुरू झाली तेव्हा घातलेले, एकालाही कुणी हात लावलेला नाही. मी तीस वर्षं लोकांच्या शिवणी बघतो आहे, पण एखादी शिवण तशीच आहे म्हणून माझे डोळे भरून आल्याचं मला आठवत नाही. पोरगी म्हणाली, “रडतोस काय, खडू लाव.”

खडू लावला. पण मग एक शंका आली. दुपारी करडी पँट उलटी केली. मागची शिवण बारीक, नेटकी, एका इंचात सतरा टाके. आमच्या घरात असे टाके एकच व्यक्ती घालते, आणि ती समोरच बसून काज करत होती. मी विचारलं. ही मान वर न करता म्हणाली, “तुम्ही आरशासमोर किती वळायचात. मन मोडवेना.” तेव्हा मीही निळ्या ड्रेसचं सगळं कबूल केलं. ही म्हणाली, “हो का.” एवढंच.

सगळ्यात कहर म्हणजे चिमणीला दोन्ही गोष्टी सहाव्या आठवड्यापासून माहीत होत्या. सोमवारी दुकानातल्या केरात निळे आणि करडे दोरे कुठून येतात, हे न कळायला ती काही गिऱ्हाईक नव्हे. मी विचारलं, मग थांबली का नाहीस? तर म्हणे, “तुम्ही रविवारी इतके खूश असायचात. मी थांबले असते तर तुम्ही पण थांबला असता.” आदर्श घालून द्यायला निघालो होतो आम्ही. तो घातला कुणी, हे लिहायला माझी लेखणी अडते.

परवा औषधाच्या दुकानातल्या काट्यावर उभा राहिलो. तीन महिन्यांत माझं सव्वा किलो कमी झालं आहे, बूट काढून. पण चिमणी चौपन्न पायऱ्या आता एका दमात चढते. दप्तर पाठीवर, माझी पिशवी हातात, आणि वर पोचून कठड्यावरून हाक मारते, “या सावकाश, घाई नाही.” सबंध इमारतीला ऐकू जातं. मी दुसऱ्या जिन्यात बसून ऐकतो आणि अजिबात लाजत नाही.

भावोजींना नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता. क. – वन्सं, नमस्कार. टपालात टाकायला पत्र माझ्याकडे दिलं, म्हणून चार ओळी. ड्रेसची माया संपली नाही, कारण ह्यांनी सोमवारी सोडलेली शिवण मी मंगळवारी परत आत घेत होते. ह्यांचे टाके लांब असतात, मला पहिल्याच दिवशी दिसले; परत घेताना मीही मुद्दाम तसेच लांब घातले. रविवारी चेन चढायची ती खरीच चढायची. माझं साडेपाच किलो कमी झालं आहे. सांगितलं नाही, कारण सात आठवडे माझ्यासाठी चोरून काहीतरी करणारा नवरा मला लग्नानंतर प्रथमच मिळाला होता.

ता. ता. क. – वरचं मी वाचलेलं नाही, असं समजून पुढे वाच. आता मुद्द्याचं. पुढच्या महिन्यात शाळेची पाच किलोमीटरची दौड आहे. प्रत्येक मुलामागे घरातलं एक मोठं माणूस बरोबर धावायला लागतं. अर्जात बाबा, आई की इतर, असं विचारलं होतं. चिमणीने ‘इतर’वर खूण करून तुझं नाव लिहिलं आहे. मी म्हटलं, अगं, निदान आधी आत्याला विचार. तर म्हणाली, तू विचार, तुला लांबण लावून लिहिता येतं. तेव्हा ताई, नाही म्हणू नकोस, रजा टाक आणि चांगले बूट घेऊन ये. मला वाईट वाटायला हवं होतं, पण अर्ज शाळेत द्यायला मीच गेलो. चालत गेलो, आणि कारकुनाने विचारलं नव्हतं तरी अर्जावरच्या नावावर बोट ठेवून त्याला सांगितलं की ही माझी मुलगी.