मयतवाटेवरचे पिवळे बाण

३ एप्रिल १९५३

आज आलो. एल्मरबी गावातून वर हायफोल्डपर्यंत सामान ट्रॅक्टरने आणलं. माझी बायको हेटी चालकाशेजारी बसून आली आणि वाटभर एकदाही खोकली नाही. हायफोल्ड म्हणजे डोंगराच्या खांद्यावरची दोन घरं. एक आमचं, दुसरं टेमर ओल्डरॉइड नावाच्या म्हातारीचं. डॉक्टरांनी हेटीच्या छातीसाठी उंचावरची कोरडी हवा सांगितली होती. ती हवा इथे दाराखिडक्यांतून आपण होऊन आत येते.

काम मला साजेसं आहे. खालच्या चर्चची झाडलोट करायची, घंटा वाजवायची आणि गावाभोवतालच्या पायवाटा राखायच्या. वाट कोणी चालेनासं झालं की जमिनीचा मालक आडवा दगडी गडगा घालून मोकळा होतो, म्हणून ती चालती ठेवावी लागते. पन्नाशीला टेकलेल्या माणसाला देवाचं घर आणि देवाचं रान एकदम मिळालं, आणखी काय मागायचं? हेटीने चूल पेटवली, ओटची भाकरी भाजली आणि म्हणाली की इथे मी बरी होईन. मी मनातल्या मनात आमेन म्हटलं.

१२ एप्रिल

सगळ्या वाटा एकदा चालून झाल्या. पाहण्यासारखं पुष्कळ आहे. ओढ्यावरचा घोड्यांचा जुना पूल, मठाची एकच उरलेली भिंत, चर्चच्या दारातला कोरीव दगड. पण सगळ्यांत जुनी आहे ती मयतवाट. हायफोल्डला पुरायला जागा नव्हती, म्हणून इथली मयतं दोन मैल खांद्यावरून चर्चपर्यंत न्यायचे. सहा माणसं, तीन या बाजूला, तीन त्या बाजूला. पेटीत मेलेल्याचे पाय पुढे, म्हणजे मागे राहिलेलं घर त्याला दिसू नये. वाटेत पेटी टेकवायला विसाव्याचे तीन सपाट दगड आहेत. मी त्यांच्यावरचं शेवाळ खरवडून काढलं.

हे सगळं टेमरबाईंनी गडग्यावरून सांगितलं, धुणं वाळत घालता घालता. त्यांचं वय ऐंशीच्या पुढे असेल, मला पोरा म्हणतात. त्यांनी बजावलं की या वाटेने खाली जावं, पण वर येताना रस्त्याने यावं, मग तीन मैल जास्त पडले तरी चालतील. त्यांची आई तसंच करायची, आणि ती काही वेडी नव्हती. कारण विचारलं तर म्हणाल्या, बोर्डाच्या शाळेत शिकलास ना, तूच शोध.

२६ एप्रिल

फिरायला येणाऱ्या शहरी लोकांसाठी गावाला एक गोल फेरी आखून हवी होती. ती आखली. पत्रकं छापून आली. मयतवाटेचा खालचा टप्पा उभा आणि निसरडा आहे. उतरताना गुडघे बोलतात, चढताना काही वाटत नाही. म्हणून चर्चपासून मयतवाटेने वर यायचं, आमच्या बागेत चहा घ्यायचा आणि रस्त्याने खाली जायचं, असं ठरवलं. गडग्यांवर आणि फाटकांवर एकवीस पिवळे बाण रंगवले. सगळे वर तोंड केलेले. सुबक झालेत.

टेमरबाई शेवटच्या बाणापुढे बराच वेळ उभ्या होत्या.

"एवढ्या माणसांनी एवढी वर्षं खपून ज्यांना खाली पोचवलं," त्या म्हणाल्या, "त्यांना तू परतीची वाट रंगवून दिलीस."

मी हसून म्हटलं की देवाघरी गेलेला माणूस बाण वाचत बसत नाही.

"देवाघरी गेलेला नाही वाचत. सगळेच जातात का, ते तुला माहीत. चर्चचा केर तू काढतोस."

९ मे

पहिली तुकडी आली. सहा जण. म्होरक्या मिस पेगलर, निवृत्त शिक्षिका. हेटीने सकाळपासून केक भाजले होते. मी फाटकाशी उभा राहून त्यांची वाट पाहत होतो.

शहरातली माणसं डोंगर चढतात ती बडबडत, एकामागे एक, वाकडीतिकडी. ही माणसं गप्प होती. वाट एका माणसापुरती आहे, तरी ती दोघं दोघं येत होती, मधे हातभर जागा सोडून, दोन्ही बाजूंच्या झुडपांतून. सहाही पावलं एकदम पडत होती. डावीकडच्या तिघांचा उजवा खांदा खाली झुकलेला, उजवीकडच्या तिघांचा डावा. टेमरबाईंच्या दाराशी सगळे थांबले, एकदम गुडघ्यांत वाकले, आणि सरळ झाले.

मग एकदम हसणं-बोलणं सुरू झालं. मिस पेगलर खांदा चोळत म्हणाल्या की माझ्या पिशवीत कोणीतरी ऐरण टाकली होती बहुतेक. बाकीचेही खांदे चोळत होते. तिन्ही दगडांपाशी आपण का थांबलो ते कोणालाच सांगता येईना. चहा मात्र पोटभर प्यायले.

१६ मे

आठवडाभर टेमरबाई दिवसभर घराबाहेर बसून आहेत, पालथ्या बादलीवर, उन्हात. आज विचारलं. म्हणाल्या, आई आली आहे.

मी आत गेलो. चुलीजवळ उंच पाठीची खुर्ची आहे. घरात कोणी नव्हतं. खुर्चीची बैठक ओली होती, आणि खाली तांबडी चिकणमाती होती. इथे वर सगळी माती काळी. तांबडी फक्त खाली, कबरस्तानात. मी टोपी काढली, उभ्यानेच एक स्तोत्र म्हटलं. बाहेर आलो तर टेमरबाईंनी माझा हात थोपटला.

"ऐकलं तिने. चांगली बाई होती रे, आताही वाईट नाही. तिला तिचं घर पाहिजे, आणि घरात मी आहे. एवढंच."

२३ मे

दुसरी तुकडी. तशीच चालत आली. मी हाका मारल्या, हात हलवले. कोणी बघितलं नाही. यावेळी आमच्या दाराशी वाकले.

हेटी खिडकीत होती. तिने मला विचारलं की त्यांनी काय खाली ठेवलं. मी काही नाही म्हटलं. लग्नाला बावीस वर्षं झाली, तिच्याशी खोटं बोललो ते हे पहिलं.

पाद्रीसाहेबांकडे गेलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, शेरीचा पेला पुढे केला, म्हणाले डोंगरावर एकटेपणा माणसाला खातो. दफनाची जुनी वही पाहू दिली. आमच्या घरातून शेवटची गेलेली हॅना मॉस. १९०८. छातीचा विकार.

परतलो रस्त्याने.

२७ मे

एकवीसही बाण खरवडून काढले. उपयोग नाही. पत्रक सगळ्यांकडे आहे. आज तिसरी तुकडी.

हेटीचा खोकला परत सुरू. दुपारी पडते तेव्हा पलीकडे कोणीतरी पडलेलं असतं म्हणते. थंड. आधी ती खोकते, मग हेटीला खोकला येतो.

आपण खाली राहायला जाऊ म्हटलं. हेटीने नाही म्हणून मान हलवली. म्हणाली, ती माझा हात धरून असते, जोएल, सोडत नाही.

३० मे

टेमरबाई गेल्या. भर दुपारी, बादलीवर बसल्या बसल्या. परवाच मला म्हणाल्या होत्या की वर आलेले परत जातात ते फक्त एका मयतामागे. पेटी खांद्यावरून खाली जायला हवी, त्याच वाटेने. "माझी न्या," म्हणाल्या. "तेवढं कर पोरा. तू बिघडवलंस."

मी गावात सहा माणसं मागितली. आधी हसले. मग समजुतीने बोलले. मोटार आली, टेमरबाईंना रस्त्याने घेऊन गेली. मी मोटारीपुढे उभा राहिलो होतो. दोघांनी धरून बाजूला केलं.

खिडकीतून त्यांच्या घरात पाहिलं. चूल पेटलेली होती.

४ जून

धुकं. दोन दिवस. हेटी उठत नाही. उशीवर तांबडी माती. धुतली. पुन्हा.

प्रार्थना करायला बसलो की शब्द येतात, पण माझ्या आवाजात नाही —

६ जून, सकाळ

हेटीचे ओठ निळे. श्वास शिट्टीसारखा. डॉक्टर खाली गावात. रस्त्याने पाच मैल. मयतवाटेने दोन.

तिला पाठीवर बांधून नेतो. ती जिवंत आहे. जिवंत माणसाला नेणं म्हणजे मयत नेणं नव्हे. मी डॉक्टरकडे चाललो आहे, चर्चकडे नाही. प्रभो, हे तू लिहून घे.

पहिला दगड

थांबायचं नव्हतं. पाय थांबले. तिला दगडावर बसवलं आहे, डोकं माझ्या खांद्यावर. श्वास आहे. मोजला. मला म्हणाली, "तू दमलास. रस्त्याने का नाही रे?" मी म्हटलं, ही जवळची.

माझी हेटी किती जड झाली आहे.

दुसरा दगड

मागे पावलं. धुक्यात. एकदम पडणारी. मी थांबलो की थांबतात.

वळून पाहिलं नाही. हेटी म्हणते सगळ्या बाया आहेत, चांगल्या आहेत, रागावलेल्या नाहीत. तिचा खोकला थांबला. पूर्ण थांबला. किती दिवसांनी —

बरी होते आहे. हवा लागली असेल.

तिसरा

चर्चचा मनोरा दिसतो. डॉक्टरांचं घर त्याच्या पलीकडे, पाचशे पावलं. एवढंच.

दोर सैल झाला. पाठीवर वजनच नाही. दोन्ही बाजूंनी कोणीतरी खांदा दिला आहे. उपकार त्यांचे. हेटीचा हात माझ्या गळ्याशी आहे, पण ती बोलत नाही, झोपली असेल, मी हाक मारली, तिने नाही — तिच्या जागी मागच्यांनी सगळ्यांनी मिळून ओ दि